लाल डबा, आला या!

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी मला बैठकीत उभं करून विचारायला नको. होय, मला ब्राझीलचं संगीत आवडतं. सगळं नाही, कारण सगळं मी ऐकलेलं नाही. एकच तबकडी. तिच्यातलं पहिलं गाणं मला इतकं पाठ आहे की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन, आणि त्यातल्या एका शब्दाचाही अर्थ मला ठाऊक नाही. आमच्या संघटनेच्या कर्जतच्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, "शेतकऱ्याच्या पोराला हे साहेबी चोचले कशाला हवेत?" उत्तर द्यायला मी उठलो, तर अध्यक्षांना शेवटची गाडी गाठायची होती म्हणून बैठकच संपवली. ते उत्तर तेव्हापासून माझ्या घशात अडकलेलं आहे. ते इथे देतो आणि सविस्तर देतो. ज्याला गाडी गाठायची असेल त्याने खुशाल निघावं.

मुळात भांडण गाडीचंच होतं.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, खोपोलीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यापासून बरंच आत. फाट्यावर उतरून चालायला लागलं की वाटेत माणसाचं बोलणं संपतं आणि मग शिव्या सुरू होतात. त्याही संपल्या की गाव येतं. सरकारी लाल गाडीला आमच्याकडे कोणी बस म्हणत नाही. तिचं नाव लाल डबा. हा लाल डबा फाट्यावरून सरळ जायचा. आमच्या गावाकडे वळून बघायचासुद्धा नाही. का? रस्ता नव्हता का? होता. भात कापून झालं की पावसाळ्यापर्यंत चांगला टणक रस्ता होता. विटांचे ट्रक त्याच रस्त्याने जात होते. विटा बसून जातील आणि माणसं चालत जातील, हा कुठला न्याय? हे वाक्य माझ्या पहिल्या पत्रकातलं आहे. मला अजूनही ते चांगलं वाटतं.

डेपोतल्या साहेबांना मी स्वतः जाऊन भेटलो. ते म्हणाले, "तुमच्या गावाला उतारू कुठे आहेत?"

मी म्हणालो, "गाडी नाही म्हणून उतारू नाहीत."

ते म्हणाले, "उतारू नाहीत म्हणून गाडी नाही."

आणि त्यांनी चहा मागवला. एकच.

या सगळ्यात खरी गरज होती माझ्या काकीची. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची ही बायको. भात झाल्यावर ती वाल लावायची आणि वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत जाऊन, तिथून खोपोलीच्या बाजारात जायची. लग्न झाल्यापासून तिने हा बाजार चुकवला नव्हता. त्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. मी संप पुकारणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे, पण हा संप मला मान्य नव्हता. गावात टेंपो घेऊन येणारा एक व्यापारी होता. तो म्हणायचा, शेंगा दारातच द्या, कशाला जाता? आणि भाव असा सांगायचा की जणू शेंगा त्याच्याच आणि आम्ही त्या चोरल्या आहेत.

काकीने मला एक दिवस निक्षून सांगितलं, "ह्या साली डबा गावात आला तर ठीक. नायतर मी बाजार सोडला. त्या टेंपोवाल्याच्या तोंडावर घालीन शेंगा, नि बसंन घरात."

"तसं होणार नाय, काकी. मी पत्रक काढतो."

"काढ. मागलं पत्रक बरं होतं. जाड होतं. शेंगा बांधायला चांगलं पडलं."

माझी पत्रकं खोपोलीच्या बाजारात पोचत होती, ती अशी. सायक्लोस्टाईलची शाई हाताला लावून घेऊन मी रात्री जागवल्या. 'जागे व्हा!' असं मथळ्यात लिहिलं. लोक जागेच होते. त्यांना वालाच्या शेंगा खुडायच्या होत्या, म्हशी धुवायच्या होत्या. त्यांना जागं करणारा मीच बहुधा गावात सगळ्यात उशिरा उठत होतो.

शेवटी ठरवलं, जाहीर सभा. शंकराच्या देवळासमोर, कर्ण्यासकट. कर्णा आमच्याच गावातल्या एका मित्राकडे होता. लग्न असो, बारसं असो, सत्यनारायण असो, हा आपली मशीन, बॅटरी, दोन कर्णे आणि तबकड्यांची पेटी सायकलला लावून हजर. सगळे त्याला माईकवाला म्हणत, मीही तेच म्हणतो. स्वभाव गरीब, पण एक खोड होती. कार्यक्रमाआधी मशीन तापली पाहिजे, हे त्याचं तत्त्व होतं. "मशीन तापली नाय तर आवाज फाटतो," म्हणायचा, आणि ती तापेपर्यंत तबकडी लावून ठेवायचा. तापलेल्या मशीनवर तो हात ठेवून असा उभा राहायचा, जणू तिला ताप आलाय आणि हाच वैद्य.

सभेच्या दिवशी मी आलो तर हा खिन्न. आदल्या लग्नात नवऱ्या मुलाचा मामा तबकड्यांच्या पेटीवर बसला होता. मामा जड होता. पेटीतलं सगळं गेलं. सनई गेली, मंगलाष्टकं गेली, लावण्या गेल्या.

"एकच ऱ्हायलीय," तो म्हणाला. "पोपटाची."

ही पोपटाची तबकडी त्याला रसायनीच्या भंगारवाल्याकडे मिळाली होती. तिकडे कारखान्याची यंत्रं बसवायला परदेशी साहेब आले होते. यंत्रं बसली, साहेब उठले, आणि जाताना त्यांच्या बंगल्यातला पसारा भंगारात गेला. माईकवाला गेला होता सुई शोधायला. सुईबरोबर ही मिळाली. वेष्टनावर नारिंगी-पिवळी वर्तुळं, इंग्रजीत 'ब्राझील', आणि एका पियानोवर बसलेला हिरवा पोपट. पियानो काय ते माईकवाल्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या मते तो पोपट कोणाच्या तरी तिरडीवर बसला होता, म्हणून ती तबकडी त्याने आजवर शुभकार्यात लावली नव्हती.

"ही लावायची नाय," मी म्हणालो. "आपला लढा आहे. परदेशी नाचगाण्यावर लढा सुरू होत नसतो."

"मग मशीन कशावर तापवू? तुझ्या डोक्यावर?"

आणि त्याने लावली.

आता नीट ऐका, कारण मुद्दा इथे आहे. आधी एक गिटार. वाजवतात तशी नाही. कोणीतरी ती नखाने खाजवतंय अशी. मग चामड्याचं काहीतरी, ठेक्याच्या जरा मागे, जरा पुढे, कधी नेमकं ठेक्यावर नाहीच. मग एक चमत्कारिक आवाज. कुत्र्याच्या पिल्लाने शेपटी दारात सापडल्याची तक्रार करावी तसा. कुई, कुई, कुईक. तो आल्याबरोबर देवळामागून एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, "ए, रहाटाला तेल घाला रं!" आणि गावातली सगळी कुत्री सभेला आली. त्या मागोमाग दोन बायका गायला लागल्या. आवाज चढवत नाहीत, पाडत नाहीत, नटत नाहीत. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोन जावांनी तिसरीबद्दल बोलावं, तसं गाणं. आणि धृपदाला सगळे मिळून :

"ओ ला ला दा बा, ला ला या! ला ला दा बा, ला ला या!"

हे मी तुम्हाला आज सांगतो. गावाने जे ऐकलं ते वेगळं होतं. त्यांना कर्ण्यातून, वाऱ्यावरून, शेताच्या बांधावर स्वच्छ मराठीत ऐकू आलं :

"लाल डबा, आला या! लाल डबा, आला या!"

माझ्या डोळ्यांदेखत गाव रिकामं होऊन देवळासमोर आलं. पत्रकांनी जे झालं नव्हतं ते एका कडव्यात झालं. बायका पाट्या घेऊन आल्या. पुरुष सदऱ्याची बटणं लावत आले. एकाने छत्री आणली होती आणि एकीने पाहुण्यांकडे द्यायची कोंबडी. काकी सगळ्यांच्या पुढे, एक पाय ओढत, डोक्यावर शेंगा.

"कुठं हाय डबा?"

"डबा नाय, काकी. सभा हाय."

"मग ही बया कवापासनं कोकलतेय ती काय? आला या, आला या?"

"ती ब्राझीलची आहे. तिला मराठी येत नाय."

"तुला येतंय ना? मग तू तरी खरं बोल की."

गर्दी चिडली होती, पण होती. अशी गर्दी सोडायची नसते, हे मी शिकलेलो होतो. माईक हातात घेतला आणि सुरू केलं, "बंधूंनो आणि भगिनींनो, विटा बसून जातील आणि माणसं..." तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "ए पुढारी, तू जरा थांब रं. ती पोपटाची पुन्यांदा लाव." आणि टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या जाहीर सभेतल्या पहिल्या टाळ्या, आणि त्या माझं भाषण थांबवण्यासाठी.

मला राग आला. येणारच. घरी येऊन ठरवलं, या तबकडीविरुद्ध पत्रक काढायचं. आमच्या संघटनेत शिकवतात, विरोध करण्याआधी शत्रूचा अभ्यास करावा. म्हणून दुसऱ्या दिवशी माईकवाल्याच्या पडवीत बसून मी तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग दुसरी बाजू. मग परत पहिली. त्याची आई दोनदा चहा देऊन गेली, तिसऱ्यांदा विचारायला आली, "ह्याचं जेवण हितंच करू का?"

पत्रक झालं नाही. कागदावर 'सांस्कृतिक आक्रमण' एवढंच लिहून झालं आणि बाकीचा वेळ माझा पाय हलत होता. माझा पाय! मी घोषणांवरसुद्धा पाय हलवत नाही. त्या गाण्यात घाई नव्हती आणि तरी कोणी थांबलेलं नव्हतं. बाजारात सगळा माल खपल्यावर रिकामी पाटी हातात हलवत उतारावरून घरी येणारी माणसं चालतात ना, तशी ती गाणी चालत होती. आम्ही चळवळीतली माणसं गातो तेव्हा मुठी आवळून गातो. हे लोक मुठी उघडून गात होते. आणि त्यांना काही दुःख नव्हतं असंही नाही. तिसऱ्या गाण्यात ती थोरली बाई एक ओळ म्हणते आणि मधेच श्वास घ्यायला थांबते. तिथे काहीतरी गेलेलं आहे. काय गेलं ते विचारायला माझ्याकडे भाषा नाही. पण लगेच कुईक वाजतं आणि धाकटी हसल्यासारखी सुरात येते, की चल गं, पुरे झालं.

खोपोलीच्या वाचनालयात जाऊन मी नकाशा काढला. ब्राझील प्रचंड आहे. नद्या आहेत, डोंगर आहेत, आणि इतका मोठा देश म्हटल्यावर गाडी न जाणारी गावंही असणारच. तेव्हा साहेबी चोचले म्हणणाऱ्या त्या ज्येष्ठांना माझा साधा सवाल आहे : ही तबकडी साहेबांनी भंगारात टाकली आणि ती आमच्या गावाने उचलली. मग साहेबी कोण?

असो. सभेचा बोभाटा डेपोपर्यंत गेला. सगळं गाव पाट्या घेऊन उभं होतं, हे साहेबांच्या कानावर पडलं. त्यांनी मला बोलावलं, या खेपेला चहा दोन मागवले आणि सांगितलं, "बाजाराच्या एखाद्या सकाळी गाडी आत पाठवतो. मी स्वतः बसून येईन. पण कुठल्या बाजारी ते सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही पाहुणेरावळे गोळा करून उभे कराल. खरे उतारू दिसले तर फेरी कायम. नाही दिसले तर पुन्हा अर्ज आणायचा नाही."

"गाडी थांबणार किती?"

"ड्रायव्हरची एक बिडी होईपर्यंत."

म्हणजे पेच बघा. गाव शेतात पांगलेलं. कोणी वालात, कोणी ओढ्यावर, कोणी रानात लाकडाला. बिडी काय, हुक्का ओढला तरी सगळे गोळा व्हायचे नाहीत. मग माईकवाल्यानेच तोड काढली. बाजाराच्या दिवशी त्याने देवळाच्या कट्ट्यावर मशीन मांडून बसायचं. फाट्याकडच्या वळणावर धुरळा दिसला की पोपटाची लावायची. लोकांना तिचा अर्थ आधीच ठाऊक होता. समजावण्याची गरज नव्हती. कुठल्याही घोषणेला इतकं भाग्य लाभलेलं मी पाहिलेलं नाही.

सगळं जमलं असतं, पण बुवा आडवे आले.

बुवा म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे मुख्य. आवाज असा की मृदंगाने मान खाली घालावी. त्यांनी सभेच्या दिवशी ते गाणं ऐकलं होतं, आणि त्यात त्यांना डबा मुळीच ऐकू आला नव्हता. त्या गायिका मधेमधे 'सांबा, सांबा' म्हणतात. ते त्यांच्याकडच्या नाचाचं नाव आहे, हे तबकडीच्या वेष्टनावर इंग्रजीत छापलेलं आहे. बुवांना ते सरळ ऐकू आलं. सांब. सदाशिव. आमच्या देवळातला. बुवांनी माईकवाल्याला पटवलं आणि रोज उजाडायच्या वेळी कर्ण्यावर तबकडी सुरू झाली.

परिणाम काय झाला? पहिल्या बाजाराच्या दिवशी झुंजुमुंजू व्हायला 'लाल डबा, आला या' सुरू झालं आणि लोक अर्धवट दात घासून, पाट्या उचलून देवळासमोर आले. गाडी नाही. बुवा डोळे मिटून डोलतायत. दुसऱ्या बाजारीही तेच. तिसऱ्या बाजारी निम्मेच आले. एकाने तर घरातूनच ओरडून सांगितलं, "डब्याला म्हणावं, मी न्हाऊन येतो."

मी बुवांच्या अंगणात गेलो. मी स्पष्ट बोलतो, सगळ्यांना ठाऊक आहे.

"बुवा, ते भजन नाय. ब्राझीलचं नाचाचं गाणं हाय."

"ब्राझील कुठं आलं? काशीच्या पल्याड?"

"लई पल्याड. समुद्रापार."

"म्हंजे सांबाचं नाव समुद्रापार गेलं! नि तू पुढारी, तुला त्याचं वाईट वाटतंय?"

"बुवा, ते देवाचं नाव नाय, नाचाचं नाव हाय."

"मग तांडव काय बसून करतात का रं?"

याला काय उत्तर आहे? मी वादविवाद स्पर्धेत ढाल मिळवलेली आहे. ती त्या दिवशी घरीच राहिली होती.

तेवढ्यात काकी आली. तिला दोन काठ्यांचा आधार होता, एक हातात आणि एक बोलण्यात.

"बुवा, तुमच्या सांबापायी मी तीन बाजार पाटी उचलून उभी ऱ्हायले. तुमच्या सांबाला माझा गुडघा दिसत नाय का?"

"देवाला सगळं दिसतं गं."

"मग त्याला सांगा, बाजाराच्या दिशी गप ऱ्हायचं. बाकीचे दिवस मी काय म्हणत नाय. डबा चुकला तर ह्या साली माझा बाजार संपला. मग मी रोज तुमच्या दारात बसंन नि तुमच्याच भजनात गाईन."

काकीचा आवाज बुवांनी ऐकलेला होता. ते लगेच तयार झाले. ठरलं असं : बाजाराच्या दिवशी तबकडी फक्त डब्यासाठी. इतर दिवशी ती बुवांची, आणि वर मंडळाने तीच चाल टाळ-मृदंगावर बसवायची, म्हणजे तबकडी झिजणार नाही. मंडळाने ती बसवलीसुद्धा. 'सांबा सदाशिवा, आता या' असं काहीतरी. मृदंगवाल्याला त्या मागेपुढे होणाऱ्या ठेक्याची सुरुवातीला शिसारी आली, नंतर तो हातातल्या भाकरीवरही तोच वाजवायला लागला. फक्त एक अडलं. ते कुईक कोणालाच जमेना.

ते मला जमलं. कसं, ते सांगतो. गोठ्यात तेलाचा रिकामा डबा होता. त्याच्या बुडाला भोक पाडून सुतळी ओवली, गाठ मारली, आणि ओल्या फडक्याने ती सुतळी चिमटीत धरून ओढली. कुईक! हुबेहूब. लांब ओढली की पिल्लू रडतं, झटके दिले की हसतं. मी आठवडाभर गोठ्यात सराव केला. म्हैस मान वळवून माझ्याकडे बघत राहायची. पूर्वी याच गोठ्यात मी भाषणांचा सराव करायचो, तेव्हा ती रवंथ थांबवत नसे.

आणि मग तो बाजार आला. उन्हाळा तापायला लागला होता. माईकवाला सकाळपासून कट्ट्यावर. मीही तिथेच, हातात भाषणाचे कागद, कारण साहेब स्वतः येणार तर चार शब्द ऐकवायचेच होते. काकी ओट्यावर शेंगा निवडत बसलेली. बाकीचं गाव पांगलेलं. वळणावर धुरळा उठला. विटांचा ट्रक? नाही. लाल!

"लाव!" मी ओरडलो.

माईकवाला तबकडी घ्यायला वळला आणि तसाच राहिला. त्याने सकाळपासून मशीन तापवत ठेवली होती. तापलीच पाहिजे, तत्त्व होतं त्याचं. आणि तबकडी त्याने ठेवली होती मशीनच्या डोक्यावर. तिचा पापड झाला होता. साधा नाही, तळलेला. कडा वर आलेल्या, मधे फुगा. तरीही त्याने लावून बघितली. सुई एका लाटेवरून उडाली आणि बाहेर पडली.

"आवाज नाय," तो म्हणाला, रडवेला. "पण मशीन मस्त तापलीय."

वळणावरून लाल डबा आत शिरला होता. ओट्यावरून काकी माझ्याकडे बघत होती. शेंगा तिने पाटीत भरल्या होत्या आणि काठी हातात घेतली होती. मी माईक घेतला आणि ओरडलो, "बंधूंनो आणि भगिनींनो! जागे व्हा! आपला..." शेतातून कोणीतरी ओरडलं, "ए, आता नको रं, कामं हायत!"

देवळात बुवा आणि मंडळी होतीच, सकाळच्या पूजेची. बुवा बाहेर आले, पापड पाहिला, माझ्याकडे पाहिलं. बुवांना मी कधीच धूर्त मानलं नव्हतं. त्यांनी माईक माझ्या हातातून काढून घेतला, मृदंगवाल्याला खूण केली आणि आपल्या त्या आवाजात, सांबाला क्षणभर बाजूला ठेवून, सुरू केलं :

"लाल डबा, आला या!"

टाळ पडले. मृदंग मागेपुढे झाला. मंडळाने झेललं. पण शेतातली माणसं थबकून नुसती ऐकत राहिली. भजनच आहे, बुवांचं नेहमीचं, असं त्यांना वाटलं. काहीतरी कमी होतं. बुवा गाता गाताच माझ्यावर खेकसले, "पुढाऱ्या, तुझी कुई कुठं हाय?"

भाषणाचे कागद मी खाली ठेवले. गोठ्यात धावलो, तेलाचा डबा आणला, फडकं देवळाच्या घंगाळात बुडवलं आणि माईकपुढे बसून सुतळी ओढली.

कुईक. कुईक कुई कुईक.

आधी कुत्री आली. त्यांच्या मागून गाव आलं. बांधावरून, ओढ्यावरून, लाकडांच्या मोळ्या तिथेच टाकून. छत्रीवाला आला, कोंबडीवाली आली. डबा देवळासमोर वळून उभा राहिला तेव्हा ड्रायव्हरला बिडी पेटवायला जागा उरली नव्हती.

"लगीन हाय का हितं?" त्याने विचारलं.

"नाय, उतारू हायत," काकी म्हणाली आणि पाटी दारातून आत ढकलली.

साहेब पुढच्या सीटवर बसले होते. हे काय चाललंय ते बघायला ते खाली उतरले. ती त्यांची चूक. मी सुतळी ओढता ओढता सगळं बघत होतो. लोक मागून चढले, पुढून चढले, एक जण खिडकीतून टोपी टाकून जागा धरत होता. साहेब परत चढले तेव्हा त्यांच्या जागेवर काकी बसली होती, मांडीवर शेंगा, दुखरा पाय ऐसपैस पुढे केलेला. साहेबांना वरच्या दांड्याला धरून उभं राहावं लागलं.

काकीने त्यांच्याकडे मान वर करून विचारलं, "साहेब, उतारू दिसलं का?"

फेरी कायम झाली. दर बाजाराला येते, पावसाळा सोडून. पावसाळ्याबद्दल माझं पुढचं पत्रक तयार आहे.

पण त्या दिवशीचं राहिलंच. डबा निघाला तेव्हा मी अजून सुतळीच ओढत होतो. बुवा चढले, मंडळ चढलं, मृदंग छतावर गेला, माईकवालासुद्धा नवी तबकडी शोधायला म्हणून लटकला. ज्या माणसाने ही गाडी आणली तो एकटा खाली. दारातल्या कंडक्टरने मला बघून सांगितलं, "मागच्या गाडीनं या." मागची गाडी! गाव संपूर्ण रिकामं. देवळासमोर मी, कुत्री, आणि तापलेली चालू मशीन.

मी कागद उचलले, माईक ओढला आणि भाषण केलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. विटा बसून जातील आणि माणसं चालत जातील, हा कुठला न्याय? कोणी मधे बोललं नाही. फार चांगलं झालं ते भाषण.

संध्याकाळी काकी लाल डब्यातूनच परत आली. रिकामी पाटी ती हातात हलवत होती. मला बघून थांबली.

"पार फाट्यापर्यंत ऐकू येत व्हतं रं तुझं भाषण."

"मग? कसं वाटलं?"

"चांगलं व्हतं," काकी म्हणाली. "पर मधी मधी ती कुई का नाय वाजवलीस?"